मुखवट्यातलं जस्त

दिवाळी जवळ आली की आमच्या गारखेड्यातल्या इमारतीत समया, तांबे, घंगाळं माळ्यावरून खाली उतरतात आणि त्यातली निम्मी माझ्या दारात येतात. "काकू, हे खरं पितळ आहे का हो?" मी निवृत्त झाले आहे आणि यंत्र चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेतच राहिलं, हे शेजारणींना पटत नाही. डॉक्टर निवृत्त झाला तरी नाडी बघतोच की, असं त्यांचं म्हणणं. मग मी समई हातात घेते, उजेडात फिरवते, एक टिचकी मारते आणि "चांगली आहे" म्हणते. एवढ्यावर त्या खूश होऊन जातात. नोकरीत असताना एवढ्यावर खूश होणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलं नाही.

माझं काम धातू तपासण्याचं होतं. एखादा कारखाना सळई विकत घेतो, विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो की हिच्यात एवढं निकेल आहे, एवढं क्रोमियम आहे. छातीवर ठेवलेल्या हाताचं काय करायचं हे कारखान्याला कळत नाही, म्हणून सळईचा तुकडा आमच्याकडे येतो. त्यात काय काय आहे आणि किती आहे, ते कागदावर लिहून सही करायची. त्या कागदाचं पुढं कोण काय करतं, हे विचारायचं नाही. आमच्या मालकांचा तसा नियमच होता आणि मी तो बरीच वर्षं निमूट पाळला.

तपासणीसाठी आमच्याकडे एक बंदूक होती. हातात धरायची, घोडा असलेली, अगदी बंदुकीसारखी. फक्त गोळीऐवजी तिच्यातून क्ष-किरण सुटत. ते धातूवर पडले की काय होतं, हे मी नव्या माणसाला आमच्या इमारतीवरून समजावून सांगत असे. अणूच्या तळाशी केंद्रक असतं आणि त्याच्यावर मजल्यामजल्यानं इलेक्ट्रॉन राहतात. क्ष-किरण अगदी खालच्या मजल्यावरच्या एखाद्या भाडेकरूला हाकलून देतो. खालची जागा मोक्याची, ती रिकामी झाली की वरच्या मजल्यावरचा कुणीतरी लगेच तिथं उतरतो आणि उतरताना अंगातली जादा ऊर्जा बाहेर टाकतो. मजल्यांमधलं अंतर प्रत्येक मूलद्रव्यात वेगळं असतं. त्यामुळं बाहेर आलेली ऊर्जा मोजली की तांब्याच्या घरातला उतरला की जस्ताच्या, ते यंत्राला समजतं. अणू स्वतःबद्दल खोटं सांगू शकत नाही. ते काम गिऱ्हाईक करतं.

या बंदुकीत एकच उणीव. तिला फक्त वरची कातडी दिसते. केसाच्या जाडीइतका थर सोडला तर आत काय दडलंय याचा तिला पत्ता नसतो. एका दसऱ्याला आमच्या शिपायानं यंत्राची पूजा करताना भक्तिभावानं नेमकं तिच्या तोंडाच्या झरोक्यावर हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या प्रत्येक नटबोल्टात कुंकवातला चुना निघाला.

भंगारवाले रशीदभाई आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. ते प्रत्येक वेळी लोहचुंबक सोबत आणत आणि माझ्यासमोर स्टीलला लावून दाखवत. "देखो मॅडम, चिपकताच नै. अस्सल माल है. आप बस लिख देव." चुंबक चिकटत नाही एवढ्यावरून स्टील भारी ठरत नाही, निकेल वाचवून त्याच्या जागी मँगनीज घातलं तरी चुंबक चिकटत नाही, हे मी त्यांना इतकी वर्षं सांगत होते. ते मान डोलवत. मग पडद्यावर मँगनीज दिसलं की दुखावल्या स्वरात म्हणत, "मशीनकू जरा समझाव ना मॅडम. गरीब का माल है." मी म्हणे, "रशीदभाई, ती माझंसुद्धा ऐकत नाही." त्यावर ते चहा मागवत. आमचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले.

पण मला सांगायचं आहे ते मुखवट्याचं.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. एका सकाळी प्रयोगशाळेसमोर जीप थांबली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कुणी माणूस नव्हता. नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू तिथं बसली होती. मागून दोघं उतरले. एक बाजीराव पाटील. पाचोडच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या देवस्थानाचे ते अध्यक्ष. दुसरे नामदेव गुरव, त्याच देवळाचे पुजारी. साठीचा माणूस, अंगानं किरकोळ, धुतलेला सदरा. टॉवेलातली वस्तू त्यांच्या ग्रामदैवताची, भैरोबाची. यात्रेत पालखीतून मिरवायचा मुखवटा.

"ह्याच्यात सोनं किती, ते बगायचंय," पाटील म्हणाले.

देव जमिनीवर ठेवायचा नाही म्हणून मी पाट मागवला. मी मुखवट्याकडे हात नेला तर पाटील एकदम पुढं सरसावले. "मॅडम, तेवढं नगा. बाईमाणसानं शिवायचं नसतं."

"मग तपासू कशी?"

पाटलांनी बंदुकीकडे बघितलं. बराच विचार केला. "यंत्र चालंल," ते म्हणाले.

गुरवांनी मुखवटा पाटावर ठेवला. मी हात न लावता क्ष-किरण लावले. मुखवट्याचा रंग तांबूस होता, पडद्यावरही तांबंच सगळ्यात जास्त आलं. त्यामागं थोडं जस्त, किंचित शिसं, नावाला कथील. कपाळ, गाल, मिशी, तिन्ही ठिकाणी तेच. सोनं कुठंच नव्हतं.

"सोनं नाही," मी म्हणाले.

"अजाबात न्हाई?"

"अजिबात नाही."

पाटील गुरवांकडे वळले. "बग नामा. मी म्हणत हुतो का न्हवतो?"

गुरव स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीवर आमची आवर्तसारणी टांगलेली होती. ते तिच्याकडे बघत होते असं मला वाटत नाही.

मग पाटलांनी मला सगळं सांगितलं, गुरव तिथं नसल्यासारखं. मुखवटा पंचधातूचा, त्यात सोनं आहे, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. जुनी माणसं सांगत की भैरोबा सोन्यासारखा पिवळाजर्द होता. आता तो तांबडा दिसतो. मुखवटा वर्षभर गुरवांच्या ताब्यात. गुरवांच्या पोरानं वाळूजच्या कंपनीत नोकरी धरून नुकतंच स्लॅबचं घर बांधलं. गावानं दोनात दोन मिळवले. सोन्याचा मुखवटा विकला आणि तांब्याचा करून ठेवला. यात्रा तोंडावर आली होती. त्याआधी देवळात बैठक बसणार, गुरवकी काढून घेणार आणि प्रकरण पोलिसात देणार.

"तुमी फकस्त लिवून द्या, सोनं न्हाई. बाकी आमी बगतो," पाटील म्हणाले.

लिहून द्यायला काहीच हरकत नव्हती. सोनं नव्हतंच. रोज तसंच लिहीत होते, 'आढळले नाही.' पण त्या दिवशी पेन उचलवेना. कागद खरा असणार होता आणि त्यानं या माणसाचा गळा कापला जाणार होता. आणि पडद्यावरची मिसळ मला खटकत होती. एवढं थोडं जस्त असलेला धातू तांबूस असतो, ठीक. पण तांब्याचा नवा मुखवटा करणारा माणूस त्यात जस्त, शिसं, कथील कशाला घालत बसेल?

मी गुरवांना विचारलं, "हा घासता कशानं?"

आपल्याला कुणी काही विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते उभे राहिले. "चिचंनं. चिच आन् खडं मीठ. यात्रंच्या आदल्या सांजंला मोठ्या पातेल्यात कालवायचं आन् देवाला रातभर त्यात बुडवून ठिवायचं. माझा आज्या करायचा, बाप करायचा, तसंच मीबी करतो. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात गूळ घालून तीर्थ. आंबट तीर्थ म्हणत्यात. पाचोडच्या बाजारातबी त्याचं नाव हाय, मॅडम. पैला मान पाटलाचा, दोन पळ्या. बाकी गावाला एकएक."

सांगताना त्यांचा आवाज सुधारला. मग आपण कुठं आहोत ते त्यांना आठवलं आणि आवाज पुन्हा बसला.

पाण्यात काय गेलं असेल याचा मला अंदाज आला. पण अंदाज कागदावर लिहिता येत नाही. चिंच जिथं पोचली नाही तिथला धातू बघायला हवा होता. मुखवट्याची मागची बाजू लाखेनं भरलेली होती. मी म्हणाले, "थोडी लाख खरवडली तर आतलं बघता येईल."

"देवाला खरवडता?" पाटील उसळले. "त्ये व्हनार न्हाई."

तेव्हा गुरव हळूच म्हणाले, "पाटलाच्या देवघरात धाकला मुखवटा हाय. दोनी एकाच मुशीतलं म्हणत्यात. त्याला चिच लागलेली न्हाई. त्यो बगा."

मला वाटलं पाटील नाही म्हणतील. पण त्यांचा चेहरा उजळला. धाकटा मुखवटा पिवळाधमक होता, कोरड्या फडक्यानं पुसत. तो सोन्याचा निघाला की थोरलाही मूळचा सोन्याचा होता हे सिद्ध होणार आणि गुरव पुरते सापडणार. "बगा की!" ते म्हणाले. "गावापुढंच बगा. समद्यांना कळू द्या."

गाडीत बसण्याआधी गुरव परत आत आले. "मॅडम, नातीला शाळंत पोरं सोनचोर म्हणत्यात," ते म्हणाले, "दुसरं काय न्हाई." आणि गेले.

मी मालकांकडे जाऊन बंदूक बाहेर न्यायची परवानगी मागितली. त्यांनी कागदाच्या नियमाची आठवण करून दिली. मी म्हणाले, पुढं काय करतात ते विचारायचं नाही असा नियम आहे, बघायचं नाही असा नाही. त्यांनी परवानगी दिली. माझी निवृत्ती जवळ आल्यामुळं ते जरा हळवे झाले होते.

बैठकीला गाव लोटलं होतं. देवळाच्या मंडपात दोन पाट, दोन मुखवटे. थोरला तांबडा, धाकटा पिवळा. शेजारी शेजारी ठेवल्यावर संशय यावा असेच दिसत होते, हे कबूल करायला हवं. गुरव एका खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या आजूबाजूला बरीच मोकळी जागा होती. एवढ्या गर्दीत ती कशी राहिली कुणास ठाऊक.

मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि धाकट्या मुखवट्यावर बंदूक धरली. तांबं. भरपूर जस्त. किंचित शिसं, नावाला कथील.

"हे पितळ आहे," मी म्हणाले. "सोनं नाही."

पाटील म्हणाले, "परत लावा."

परत लावलं. यंत्र माझंही ऐकत नाही, तर पाटलांचं कुठून ऐकणार. पितळच होतं.

मागून एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "म्हंजी पाटलाच्या घरचाबी बदलला म्हणायचा!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा मात्र खांबावरून निघाल्या आणि पाटलांवर येऊन थांबल्या. पाटलांचंही घर स्लॅबचंच होतं. दोनात दोन कसे मिळवायचे हे गावाला आता चांगलं ठाऊक झालं होतं. पाटलांच्या कपाळावर घाम आला.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या थोरल्याची लाख खरवडा."

"देवाला खरवडू?"

"खरवडा म्हंतो ना मी!"

खरवडायचं काम गुरवांनाच करावं लागलं, दुसरं कुणी हात लावेना. त्यांनी देवाची क्षमा मागून पाठीमागची लाख नखाएवढी काढली. आत धातू पिवळा होता. पुढच्यांनी तो पाहिला आणि मागच्यांना सांगितलं. मी तिथं बंदूक धरली. तांबं, भरपूर जस्त, किंचित शिसं, नावाला कथील. धाकट्याचीच प्रत.

"दोन्ही एकाच मुशीतले आहेत," मी म्हणाले. "हा मुखवटा कुणीही बदललेला नाही. सोनं यात कधीच नव्हतं."

"मूळचंच पितळ," पाटील घाईघाईनं म्हणाले. "माझा आज्याबी तसंच म्हणायचा." आज्याचं हे म्हणणं गाव पहिल्यांदाच ऐकत होतं. पण त्यांना नावं ठेवायला मी जाणार नाही, सुटलेल्या माणसाला काहीही आठवतं.

मघाचा म्हातारा अजून समाधानी नव्हता. "मंग ह्यो वरून तांबडा का?"

तो प्रश्न मला आवडला. मी सांगितलं ते असं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांची मिसळ. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघं शेजारी शेजारी राहतात, तांबं एकोणतिसाव्या घरात आणि जस्त तिसाव्या. शेजारी असले तरी स्वभाव निराळा. धातूमध्ये सगळे अणू आपापले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात आणि त्या सामाईक मालकीवर एकमेकांना धरून राहतात. चिंचेचं आंबट आणि मीठ आलं की जस्ताचा धीर सुटतो. ते आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि स्वतः पाण्यात उतरतं. तांबं सहसा हलत नाही. ते मागं उरतं, म्हणून मुखवटा तांबडा. तांब्याच्या खाली त्याच उभ्या रांगेत चांदी आणि तिच्या खाली सोनं. सोनं चिंचेला दाद देत नाही, म्हणून ते सोनं. तुमचा भैरोबा सोन्याचा असता तर कितीही बुडवला तरी पिवळाच राहिला असता.

इलेक्ट्रॉनचं कुणाला किती कळलं माहीत नाही. पण पाण्यात उतरतं, हे सगळ्यांना कळलं.

लाख काढून झाल्यावर गुरव पुन्हा खांबाशी जाऊन उभे राहिले होते. आता खांब सोडून पुढं आले. "म्हंजी मॅडम, ह्याच्यातलं जे काय गेलं, ते त्या पातेल्यातल्या पाण्यात गेलं?"

"हो."

"दरसाल?"

"दरसाल थोडं थोडं."

ते गावाकडे वळले. आवाज चढवला नाही. "देवाचं काय गेलं, कुणी नेलं, म्हून चार म्हैने माझ्या दारात कुणी आलं न्हाई. ऐका आता. तुमीच प्यालात. समद्यांनी. गूळ घालून."

मंडपात एकदोघांनी पोटावरून हात फिरवला. गुरवांनी पाटलांकडे बघितलं.

"आन् पाटील, तुमी तर दोन पळ्या."

मला त्या क्षणी फार आनंद झाला, तो लपवायचं मला काही कारण नाही. त्या नोकरीत मी शेकडो वेळा 'आढळले नाही' असं लिहिलं. त्यातल्या किती कागदांनी कुणाकुणाचं काय केलं, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला फार उशीर झाला आहे. तो नियम मोडायला माझी निवृत्ती जवळ यावी लागली, याचं वाईट वाटतं.

निघताना मी गुरवांना बजावलं, की पितळेत थोडं शिसंही आहे, ते पोटात जाणं बरं नाही. मुखवटा आता राखेनं घासा आणि तीर्थ वेगळ्या स्टीलच्या पातेल्यात करा, देव न बुडवता. ते म्हणाले, "मंग ते तीर्थ कसं व्हईल?" मी म्हणाले, देवासमोर ठेवा. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. पाटील तोपर्यंत पंगतीची व्यवस्था बघायला निघून गेले होते. गुरवांना ते काही बोलले नाहीत.

यात्रेला मला आवतण आलं. मी गेले. मुखवटा राखेनं घासलेला, तांबडाच, पण स्वच्छ. गेलेलं जस्त परत येत नाही, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. पातेलं नवं होतं, चिंच आणि गूळ तोच. गुरव तीर्थ वाटायला उभे राहिले. त्यांची नात शेजारी वाटी धरून उभी होती.

पहिला मान पाटलांचा. त्यांनी ओंजळ पुढं केली. गुरवांनी एक पळी घातली. पाटील ओंजळ तशीच धरून उभे राहिले. सगळं गाव बघत होतं. गुरवांनी पळी पातेल्यात बुडवली, भरली आणि शांतपणे पुढच्या माणसाकडे वळले. पाटलांनी थोडा वेळ वाट बघितली. मग जेवढं होतं तेवढं पिऊन टाकलं.

माझा नंबर बायकांच्या रांगेत, बराच मागं होता. मी ओंजळ पुढं केली. गुरवांनी एक पळी घातली, ती मी प्यायले. मी हात मागं घेणार तोच ते म्हणाले, "थांबा, मॅडम," आणि दुसरी घातली.

चव छान होती. जस्त आढळलं नाही.